फेरिकने तांब्याची पाटी घरी करायची असेल तर

मागच्या मे महिन्यात कपाटातून फेरिकचं, म्हणजे तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईड नावाच्या रसायनाचं पाकीट काढलं आणि हातात ढेकळांऐवजी काकवी आली. पिवळी-तपकिरी, चिकट, पाकिटाच्या कोपऱ्यातून हळूहळू बाहेर यायला लागलेली. मला वाटलं दुकानदाराने भेसळीचा माल गळ्यात मारला, तसाच उठून एम. जी. रोडला गेलो, दोन शब्द सुनावले पण. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "दादा, कपाट कुठल्या भिंतीला आहे? पश्चिमेच्या ना?" मग डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे पिवळ्या ढेकळांचं जे फेरिक क्लोराईड मिळतं त्यात पाण्याचे सहा रेणू अडकलेले असतात, आणि ते फक्त ३७ डिग्रीला वितळतं. नाशिक थंड हवेचं म्हणून आपण कितीही मिरवलं तरी एप्रिल-मेमध्ये पारा ३८-३९ च्या पुढे जातोच, त्यात पश्चिमेची भिंत, त्यात बंद कपाट. माल चांगलाच होता, नुसता वितळला होता.

तर हे फेरिक. सर्किट बोर्ड करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांना हे माहीत असतं, पण मी ते वापरतो दाराच्या पाट्यांसाठी. तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर अक्षरं कोरायची, मशीन नाही, छिन्नी-हातोडी नाही. गेल्या काही वर्षांत स्वतःच्या, बहिणीच्या, सोसायटीतल्या चार-पाच जणांच्या केल्या आणि दर वेळी कोणीतरी "मला पण शिकव ना" म्हणतं, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो. आधीच सांगतो, एचिंग, म्हणजे रसायनाने धातू खाऊन अक्षरं कोरणं, सगळ्यात सोपं आहे. लोक चुकतात ते सोल्युशन बनवताना आणि काम झाल्यावर ते फेकताना, त्यामुळे मी त्या दोन गोष्टींवरच जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

काय चीज आहे ही? लोखंड आणि क्लोरीन, एका लोखंडाला तीन क्लोरीन. बारावी सायन्सवाल्यांना लॅबमधली छोटी पिवळी बाटली आठवत असेल, फिनॉलमध्ये दोन थेंब टाकले की जांभळा रंग येतो, तीच. पाण्यात विरघळलं की पाणी चांगलंच आम्ल होतं, पीएच दोनच्या खाली. पाणी शुद्ध करतानाही वापरतात, म्हणजे आपल्या तुरटीसारखंच काम, गढूळपणाचे बारीक कण एकत्र करून खाली बसवायचे. आणि हो, पुस्तकात असंही वाचलं असेल की कापलं तर फेरिक क्लोराईड लावलं की रक्त गोठतं. केमिस्ट्री म्हणून बरोबर आहे, पण म्हणून आपली एचिंगची बाटली जखमेवर ओतायची नाही, एकाने मला खरंच विचारलं होतं म्हणून लिहितोय.

तांब्याचं काय होतं तर फेरिकमधलं लोखंड तांब्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं, तांबं विरघळून पाण्यात जातं आणि फेरिकचं फेरस होतं. बुडबुडे नाहीत, वाफा नाहीत, आवाज नाही. म्हणूनच घरी करण्याजोगं आहे. नायट्रिक अॅसिडने पण तांबं खाता येतं, पण त्याचा लालसर-तपकिरी विषारी धूर निघतो, त्याच्या वाटेला घरात जाऊच नका. पण फेरिक शांत आहे म्हणून आपण गाफील राहतो हाच त्याचा तोटा.

बाजारात ते तीन रूपांत दिसेल. एक ती पिवळी ढेकळं, दुसरं तयार पातळ सोल्युशन कॅनमध्ये, आणि तिसरी काळपट-हिरवट पावडर. ही तिसरी म्हणजे पाणी नसलेलं कोरडं फेरिक, नवीन माणसाने हिच्या नादी लागू नये. पाण्यात टाकली की इतकी तापते की पाणी चरचरतं आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या वाफा थेट नाकात. पहिल्यांदा मी घाईत पावडरवर पाणी ओतलं होतं, उलटं. वर उडालं, चष्मा होता म्हणून डोळा वाचला, पण घसा दोन दिवस खवखवत होता आणि बाल्कनीच्या भिंतीवरचे तपकिरी शिंतोडे नवीन रंग देईपर्यंत तसेच होते. नियम एकच, आधी पाणी, मग त्यात फेरिक, थोडं थोडं. ढेकळं असली तरी हाच क्रम, ती कमी तापतात एवढंच.

प्रमाण माझं असं असतं: एक लिटर गार पाणी, जाड प्लॅस्टिकच्या बादलीत, त्यात अर्धा किलो ढेकळं, मूठ-मूठ टाकत, प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी काठीने ढवळत. काच नको, तापून तडकू शकते. लोकांना वाटतं गाढ केलं की भराभर खाईल, तसं नाही, फार गाढ सोल्युशन उलट हळू चालतं, बाजारातलं तयार पातळ सोल्युशन पण मी थोडं पाणी घालूनच वापरतो. हे सगळं गच्चीत किंवा मोकळ्या बाल्कनीत, रबरी हातमोजे घालून, डोळ्यावर गॉगल लावून. गॉगल म्हणजे उन्हाचा नाही, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो बाजूने बंद असलेला.

भांड्यांबद्दल जरा जास्तच सांगतो कारण घरातलं नुकसान इथेच होतं. स्टीलचं काही वापरायचं नाही, ताट नाही, चमचा नाही, चिमटा पण नाही. स्टेनलेस नावाला स्टेनलेस, फेरिक त्याला बारीक बारीक खड्डे पाडतं. अॅल्युमिनियम तर अजिबातच नाही, तिथे खड्डे पडून थांबत नाही, उकळी फुटल्यासारखं होतं, प्रचंड तापतं आणि हायड्रोजन निघतो जो पेट घेतो. जुनी अॅल्युमिनियमची परात "तशीही फेकायचीच होती" म्हणून कोणी काढत असेल तर तिथेच हात धरा. प्लॅस्टिकचा फ्रीजचा डबा, आइस्क्रीमचा मोठा डबा, असलं काहीतरी घ्या आणि तो परत किचनमध्ये जाणार नाही याची व्यवस्था करा. मी माझ्या डब्यावर मार्करने कवटी काढलीये, कारण आई झाकण बघून डबा ओळखते आणि लोणचं भरते.

आणि फरशी. शहाबादी किंवा कडप्पा असेल तर लक्षात ठेवा, दोन्ही चुनखडीचे दगड. फेरिक सांडलं की नुसता डाग पडत नाही, दगड फसफसून खडबडीत होतो. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, वर जुनी वर्तमानपत्रं. कपड्यावर पडलं तर तो कपडा गेला समजा. हाताला लागलं तर भरपूर पाण्याने धुवायचं, पिवळटपणा दोन-तीन दिवस राहतो, लिंबू चोळलं तर जरा लवकर जातो. डोळ्यात गेलं तर मात्र कमीत कमी पंधरा मिनिटं नळाखाली डोळा उघडा धरून धुवायचा आणि मग तडक डॉक्टर, "बघू उद्या" नाही. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, बाटलीचं लेबल घेऊन हॉस्पिटल गाठायचं. लहान मुलं असलेल्या घरात कोल्ड्रिंकच्या बाटलीत हे कधीच भरून ठेवू नका, रंग हुबेहूब तसाच दिसतो.

आता पाटी. पत्रा मी भांडी बाजारातून किंवा धातूच्या पत्र्याच्या दुकानातून आणतो, साधारण १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड. पातळ घेतला तर कापतानाच वाकतो आणि दारावर पण तो डब्याच्या झाकणासारखा दिसतो. पितळ घेतलं तरी चालतं, सोन्यासारखं छान दिसतं. आधी पत्रा साफ: बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग चिंच-मीठ किंवा भांडी घासायची पितांबरी, मग साबण, शेवटी पाणी. पाणी पत्र्यावर सलग पसरलं पाहिजे, थेंब थेंब होऊन तुटलं तर समजा कुठेतरी बोटाचं तेल आहे, परत घासा. यात आळस केला तर पुढे स्टिकर सुटतो आणि फेरिक खालून घुसतं.

अक्षरांसाठी लोक लेझर प्रिंट इस्त्रीने चिकटवतात, बारीक सर्किटला ते ठीक, पण पाटीला मला रेडियमवाला परवडतो. गाडीचे नंबर कापून देणारा आपला रेडियमवाला, त्याला फॉन्ट आणि साइज दिली की तो व्हिनाईलमध्ये नाव कापून देतो, वीस मिनिटांचं काम. फक्त त्याला सांगायचं की आपल्याला अक्षरं नकोत, अक्षरांभोवतीचा स्टिकर पाहिजे, म्हणजे अक्षराच्या जागी तांबं उघडं राहील आणि तेवढंच खोल जाईल. उलटं पण करता येतं, अक्षरं उठावदार आणि बाजूचं सगळं खोल, ते दिसतं भारी पण फेरिक पाण्यासारखं जातं. हिशोब करून बघा: १५ बाय १० सेंटीमीटरच्या पाटीवर अर्धा भाग ०.२ मिलिमीटर खोल घालवायचा तर साधारण तेरा ग्रॅम तांबं विरघळायला लागतं, त्याला कागदावरच ११०-११५ ग्रॅम ढेकळं लागतात आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरा कारण शेवटचं अर्धं सोल्युशन नुसतं रेंगाळतं. नुसती अक्षरं खोल करायची तर याच्या पावपट पण पुरतं.

मराठी अक्षरांचा एक वेगळा घोळ आहे जो इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही. फेरिक फक्त खाली खात नाही, स्टिकरच्या कडेखालून बाजूला पण खातं. खोल अक्षरं असतील तर ती थोडी जाड होतात, त्याने फार बिघडत नाही, फक्त क आणि फ च्या गाठी बुजतात. पण उठाव करताना बारीक गोष्टी चारही बाजूंनी खाल्ल्या जातात. बहिणीच्या बंगल्याचं नाव वृंदावन, उठावात केलं, पाटी बाहेर काढली तर अनुस्वार गायब. वृदावन. जिजू म्हणाले राहू दे, लोक समजून घेतील, पण बहिणीने तोंड वाकडं केलं ते केलंच, ती पाटी आता माझ्या कपाटात आहे. तेव्हापासून अनुस्वार, रफार, उकार हे सगळं कमीत कमी दोन मिलिमीटर जाडीचं ठेवतो आणि बारीक टोकं असलेला कॅलिग्राफीचा फॉन्ट कोणी कितीही हट्ट केला तरी घेत नाही.

स्टिकर लावला की नखाने सगळ्या कडा दाबायच्या, मागची बाजू ब्राऊन टेपने पूर्ण झाकायची, पत्र्याच्या चारही धारांवर नेलपेंट, दोन हात. नेलपेंट सुकू द्या, अर्धा तास तरी.

पत्रा फेरिकमध्ये तोंड खाली करून ठेवायचा, ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची युक्ती. वर तोंड करून ठेवला तर जो गाळ तयार होतो तो अक्षरांतच बसतो आणि खाणं थांबतं, तळ खडबडीत येतो. मी पत्र्याच्या पाठीला डबल टेपने दोन सेंटीमीटर जाड थर्माकोल चिकटवतो आणि नावेसारखा तरंगत सोडतो, गाळ आपोआप खाली पडतो. ठेवताना एका कडेने तिरका उतरवा नाहीतर खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेवढ्या गोलात काहीच होत नाही, आणि तो गोल नेमका आडनावाच्या मध्यभागी येतो, अनुभव आहे. दर दहा मिनिटांनी उचलून बघा, परत ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी मरणाची, तेव्हा सोल्युशन गार पडतं आणि काम रखडतं. अशा वेळी डबा गरम पाण्याच्या टबात ठेवायचा, ४०-४५ डिग्री बास. गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये नाही, वाफा निघतात आणि त्या नाकाला वाईटच, शिवाय मायक्रोवेव्ह पण जाईल. ताज्या कोमट सोल्युशनमध्ये साधारण तासा-दोन तासांत नखाला स्पष्ट लागेल इतकी खोली मिळते, सर्किट बोर्डचं तांबं ३५ मायक्रॉनचंच असतं म्हणून ते दहा-वीस मिनिटांत उडतं, दोघांची तुलना करून घाबरू नका. रंग तपकिरीचा गडद हिरवट व्हायला लागला आणि वेग मेल्यासारखा झाला की सोल्युशन संपत आलं.

बाहेर काढल्यावर सिंकमध्ये धुवायचं नाही! आधी एका बादलीतल्या पाण्यात, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात, फसफसणं थांबलं की मग नळाखाली. त्या पहिल्या बादलीचं पाणी पण कचऱ्यातच धरायचं.

आता तो कचरा. वापरलेल्या फेरिकमध्ये आता तुमच्या पाटीचं तांबं आहे, आणि विरघळलेलं तांबं माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना फार कमी प्रमाणात पण मारतं. सिंकमध्ये ओतलं तर आधी तुमची स्टीलची जाळी खाईल, मग ते जाणार गटारात आणि नाशिकमधलं गटार शेवटी कुठे जातं ते आपल्याला माहीत आहे, नासर्डी काय, वाघाडी काय, सगळ्यांचा रस्ता गोदावरीलाच. आपणच रामकुंडावर जाऊन पाणी किती खराब झालंय म्हणायचं आणि आपणच बेसिनमध्ये हे ओतायचं, बरं दिसत नाही.

द्राक्षवाल्यांना हे पटकन कळतं. बोर्डो, म्हणजे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना मिसळून केलेलं फवारणीचं औषध, करताना मोरचूद जास्त आणि चुना कमी पडला तर ते द्रावणात लोखंडी विळा बुडवून बघतात, विळ्यावर तांबूस थर चढला म्हणजे तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवा नाहीतर पानं करपतील. आपलं पण तेच, मोकळं तांबं बांधून खाली बसवायचं, फक्त चुन्याऐवजी सोडा. (विळ्याची टेस्ट इथे आधीच करू नका, उरलेलं फेरिक विळाच खाईल.)

किती सोडा लागतो हे ऐकून लोक हसतात. वर सांगितलेल्या एक लिटर पाणी आणि अर्धा किलो ढेकळांना जवळजवळ अर्धा किलो खायचा सोडा लागतो, किराणा दुकानातली दहा रुपयांची पुडी नाही. धुण्याचा सोडा स्वस्त पडतो आणि कमी लागतो. आणि अर्ध्या किलोतून शंभर लिटरपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साईड निघतो, म्हणून हे मोकळ्यावर, सोल्युशनच्या चार-पाच पट मोठ्या बादलीत, चमचा-चमचा टाकत करायचं. पहिल्यांदा मी वाटीभर एकदम टाकला, तो तपकिरी फेस बादलीतून वर आला आणि दिवाळीच्या अनारासारखा चारी बाजूंनी गच्चीभर. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले पापड थोडक्यात वाचले.

फेस येणं पूर्ण थांबलं की पीएचची पट्टी बुडवा, आठ-नऊच्या आसपास आणायचं, शेवटी कमी पडलं तर धुण्याचा सोडा थोडा. रात्रभर ठेवलं की खाली हिरवट-तपकिरी चिखल बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. वरचं पाणी बिनरंगी असेल, निळसर झाक अजिबात नसेल, तर ते म्हणजे मुख्यतः मिठाचं पाणी, भरपूर पाण्याबरोबर सोडता येतं, झाडांना मात्र घालू नका, मिठाने मरतील. निळसर दिसलं तर परत सोडा आणि परत एक रात्र. चिखल जुन्या सुती कापडातून गाळून उन्हात वाळवायचा आणि प्लॅस्टिकच्या बरणीत भरून वर ठळक लिहायचं, "तांबं-लोखंड गाळ, विषारी".

ही बरणी ओल्या कचऱ्यात नाही, कोरड्यात पण नाही. घनकचरा नियमांमध्ये घरगुती घातक कचरा वेगळा द्यायला सांगितलंय, तेव्हा घंटागाडीवाल्याला वेगळी दाखवून विचारा. माझं म्हणाल तर सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगचं (धातूवर मुलामा द्यायचं) किंवा पीसीबीचं (सर्किट बोर्डचं) काम करणारा कोणी ओळखीचा शोधा, अशा युनिटना त्यांचा घातक कचरा रांजणगाव-तळोजासारख्या अधिकृत ठिकाणी पाठवावाच लागतो, त्यात तुमची पाव किलोची बरणी जाऊ शकते. माझी दोन वर्षांची मिळून एकच बरणी झाली होती. आणि कचऱ्यात ब्लीच, ब्लीचिंग पावडर, बाथरूम क्लीनर असलं काही "निर्जंतुक होईल" म्हणून टाकायचं नाही, आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो.

उरलेलं चांगलं सोल्युशन जाड प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, प्लॅस्टिकचंच झाकण, घट्ट. पावसाळ्यात हे हवेतलं पाणी ओढतं, आणि झाकण सैल राहिलं तर वाफा कपाटभर फिरतात. माझा पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर आणि नवी कोरी कानस एका पावसाळ्यात गंजून गेली, त्यांना फेरिकचा थेंबही लागला नव्हता, नुसते शेजारी होते. आता कॅन बाल्कनीत, टबमध्ये, कुलपाच्या पेटीत, पूर्वेच्या बाजूला.

पाटीचं राहिलं. स्टिकर काढा, नेलपेंट रिमूव्हरने पुसा, खोल अक्षरांत काळा ऑइल पेंट भरा आणि एक दिवस सुकू द्या, मग सपाट लाकडी ठोकळ्यावर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून एकाच दिशेने घासा, वरचा रंग निघतो आणि अक्षरातला राहतो. गोल गोल घासलं तर ओरखडे उन्हात दिसतात. शेवटी पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात, नाहीतर पहिल्याच पावसात पाटी काळी पडेल आणि दर रविवारी पितांबरी घेऊन दारात उभं राहावं लागेल. भिंतीला ठोकताना स्क्रू पितळेचेच घ्या, लोखंडी स्क्रू तांब्याला चिकटून ओलीत राहिले की लवकर गंजतात आणि लाल ओघळ नावावरून खाली येतात.

बहिणीची दुसरी पाटी अशीच केली, खोल अक्षरांत, अनुस्वार अडीच मिलिमीटरचा. जिजू म्हणाले जरा मोठाच वाटतोय.